हे – अडुसष्ट

काट्यावर सतरा किलो शंभर आलं, आणि तो म्हणाला, "काटा चुकतोय."

जनावरांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी मानही वर केली नाही. शेवटच्या इंजेक्शनचं माप काढायचं तर वजन लागतं, आणि वजन समोर लाल आकड्यांत दिसत होतं. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. कुत्री काट्याच्या काळ्या रबरावर एका कुशीवर पडली होती. तिचा एक कान उलटा झाला होता आणि तो झटकावा एवढंही तिला वाटत नव्हतं. त्यानं वाकून कान सरळ केला. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाला, या वेळी सावकाश, गिऱ्हाइकाला समजावतात तसं. हिचं वजन अकरा किलो नऊशे आहे, परवा रविवारी सकाळी घरी केलंय. पाच किलोंची तफावत म्हणजे काही थोडीथोडकी नाही, आतला भार मोजणारा लोड सेल गेला असणार, नाहीतर खाली काहीतरी अडकलंय. मदतनीस बाई म्हणाल्या की काका, काटा गेल्याच महिन्यात आणलाय, आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला आत गेल्या.

अडतीस वर्षं तो काटे दुरुस्त करत आला होता. हे वाक्य त्यानं हजारदा ऐकलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून. मासळीवाला म्हणायचा काटा चुकतोय, रद्दीवाला म्हणायचा, व्यायामशाळेत घाम गाळून आलेल्या बायका म्हणायच्या. तो हातातला पेचकस खाली न ठेवता सांगायचा की काट्याला कुणाचं काय पडलंय, तो असेल ते दाखवतो, आवडलं नाही की माणूस काट्याला नावं ठेवतो. एकदा बायकोनं हे ऐकलं आणि घरी आल्यावर म्हणाली, अहो, जरा लोकांना बरं वाटेल असं बोलत जा. काट्याची सुई तरी हलते, तुमचा चेहरा हलत नाही. आता तो स्वतः काट्यासमोर उभा राहून तेच म्हणत होता, आणि चेहऱ्यावर काय चाललंय हे सांगायला कुणी नव्हतं.

अकरा किलो नऊशे हा आकडा त्याच्यासाठी साधा नव्हता. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की यकृत कामातून गेलंय, वय चौदा, गोळ्यांनी दिवस ढकलता येतील पण तब्येत उतरणीलाच लागलीय. त्यानं विचारलं, कधी? त्या म्हणाल्या की तारीख कुणी सांगत नाही, तुम्ही तीन गोष्टी बघा: खाते का, ओळखते का, आपण होऊन उठते का. त्याला या गोष्टी पटल्या नाहीत. खाते का म्हणजे किती खाते? अर्धी वाटी खाल्ली तर ते खाणं धरायचं की नाही? ओळखते का हे कशानं मोजायचं? त्यानं आकडा मागितला. त्या नको नको म्हणत होत्या, तो हटून बसला, शेवटी वैतागून म्हणाल्या की बाराच्या खाली गेली तर मग अंगावर काही उरलं नाही असं समजा. त्यांनी ते बोलता बोलता म्हटलं असेल, पण त्याच्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ झाली. बारा. त्या दिवसापासून त्याला रात्रीची झोप लागायला लागली. आपण ठरवायचं नाही, काटा ठरवेल. रविवारमागून रविवार तो कुत्रीला उचलून घरच्या काट्यावर उभा राहिला, त्यातून स्वतःचं वजन वजा केलं, आणि वहीतला आकडा सोळा, पंधरा, साडेतेरा असा उतरत गेला. परवा तो बाराच्या खाली आला. त्यानं वही मिटली, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन केला, आणि भागीदाराला सांगितलं की उद्या सकाळी गाडी लागेल.

भागीदार बाहेर गाडीत बसला होता. तीस वर्षं दोघांनी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून पेचकस फिरवले होते, आणि तीस वर्षांत एकमेकांना एकही गोड शब्द बोलले नव्हते. आज सकाळी मात्र भागीदारानं न सांगता कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणून ठेवला होता. त्याच्या नखांत अजून माती होती. याला एकट्याला बाहेर येताना पाहून त्याला वाटलं सगळं उरकलं. तो गाडीतून उतरला, काहीतरी म्हणणार होता. यानं सांगितलं की काटा चुकतोय, वजनं काढ. भागीदारानं गाडीचं मागचं दार उघडलं. कड्यांची लोखंडी वजनं कायम गाडीत असायची, धंद्याचीच ती. दहाचं एक, पाचचं एक, दोनची दोन. दोघांनी ती आत नेली. कुत्रीला खाली घोंगडीवर ठेवलं. आधी रिकामा काटा शून्यावर आणला, मग दहा किलो मध्ये ठेवलं, मग चारी कोपऱ्यांवर एकेकदा, कारण काटा खोटा असला तर कोपऱ्यात पकडला जातो. दहा. दहा. दहा. दहा. पाच वाढवले, पंधरा. दोन वाढवले, सतरा. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. वयानं त्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी घाई केली नाही. काटा तोळ्याच्या काट्यासारखा बरोबर होता.

गुडघ्यांवर बसल्या बसल्या त्याला दुसरी एक खोली आठवली. तिथेही तो असाच वजनं घेऊन गेला होता. बायकोला महिन्याभरासाठी मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, आणि तिथे दर सोमवारी वजन करायचे. एका महिन्यात सहा किलो कमी दाखवले तेव्हा त्यानं नर्सला सांगितलं की तुमचा काटा चुकतोय. नर्स हसली. तो दुसऱ्या दिवशी पिशवीत वजनं लपवून घेऊन गेला, जिन्यानं, कारण लिफ्टवाल्यानं विचारलं असतं. दुपारी गर्दी नव्हती तेव्हा त्यानं त्या काट्याची परीक्षा घेतली, बायको पलंगावरून बघत होती. काटा बरोबर निघाला. त्यानं वजनं परत पिशवीत भरली आणि तोंड फिरवून खिडकीशी उभा राहिला. तिनं विचारलं, "झालं समाधान?" पुढे म्हणाली की माझं काही बिघडलेलं नाही, काटाच बिघडलाय, असं सगळ्यांना सांगायचं होतं का तुम्हाला? तिच्या आवाजात टोमणा नव्हता, गंमत होती. आजारपणात तिला त्याची फार गंमत वाटायला लागली होती. नंतर, अगदी शेवटच्या आठवड्यात, बोलणं कमी झालं तेव्हा ती म्हणाली की बाईसाहेबांना असं ओढत ठेवू नका, वेळ आली की तुम्हाला कळेल. कसं कळेल, त्यानं विचारलं. कळेल, ती म्हणाली. काटा लावू नका म्हणजे कळेल.

बाईसाहेब म्हणजे ही कुत्री. रस्त्यावरून आलेली, रंगानं मळकट तांबडी, पण दारातून आत आली तीच घर आपल्या नावावर असल्यासारखी, म्हणून बायकोनं ते नाव ठेवलं. या घरात बाईसाहेब एकच, आणि ती मी नव्हे, असं ती आल्यागेल्याला सांगायची.

"आता एक काम कर," भागीदार म्हणाला. "तू चढ."

त्याला कळलं नाही. भागीदार काट्याकडे बोट दाखवत होता. तो म्हणाला की माझा काय संबंध, मी अडुसष्ट किलो आहे. "कधीचा अडुसष्ट?" भागीदारानं विचारलं. "पट्ट्याला पोगरानं दोन भोकं पाडलीस माझ्यासमोर. मला म्हणालास, चामडं वयानं सैल पडतं. मी गप्प बसलो. चढ." मदतनीस बाईही आता बघत होत्या. त्यानं चपला काढल्या, कारण चपला घालून वजन करणं त्याला कधीच आवडलं नव्हतं, आणि काळ्या रबरावर उभा राहिला. रबर कुत्रीच्या अंगानं अजून कोमट होतं. लाल आकडे थोडे वरखाली झाले आणि बासष्ट आठशेवर येऊन थांबले. त्याला वजाबाकी करायला कागद लागला नाही. पाच किलो दोनशे. रविवारमागून रविवार वहीत जे झडत होतं ते कुत्रीचं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि कुत्रीच्या पोटावर हात फिरवला. म्हणाल्या की पोटात पाणी भरतंय हे मला हाताला लागत होतं, पण तुम्ही दर वेळी वजन कमी झाल्याचं सांगायचात, मी धरून चालले की आतलं मांस झपाट्यानं जातंय. तुम्ही काट्यातले माणूस, तुमच्या आकड्यावर मी कशी शंका घेणार? त्यानं विचारलं की मग गोळ्या कमी पडल्या का. त्या म्हणाल्या, थोड्या कमी पडल्या, पण त्यानं फार फरक पडला नसता, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मग वजनाचं काय, तो म्हणाला. सतरा म्हणजे बरीच आहे की ती. "सतरात पाणी किती आणि ती किती, हे काटा सांगणार नाही, काका," त्या म्हणाल्या. "आज नको वाटत असेल तर आज नको. घेऊन जा घरी. पण आता आकडा मागू नका माझ्याकडे, माझ्याजवळ तो नाही."

परतताना भागीदारानं गाडी हळू चालवली. कुत्री मागे घोंगडीवर होती आणि तोही मागेच बसला होता, वजनांच्या शेजारी. वळणावर वजनं एकमेकांवर आपटायची आणि दर वेळी तिचा डोळा उघडायचा. घराशी उतरताना भागीदार म्हणाला की खड्ड्यावर पत्रा टाकून ठेवतो, कुणी पडायला नको.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या टोकाला तो काटा. एक जुना दवाखाना बंद झाला तेव्हा तो भंगारात निघाला होता. सरकत्या वजनांचा, छातीएवढा उंच, वर पितळी दांडी. त्यानं तो महिनाभर खपून नवा केला आणि घरी आणला, तेव्हा बायको म्हणाली की इतर पुरुष बायकोला दागिना आणतात, आमचे हे काटा आणतात. तो तिनं कशासाठी वापरायला काढला तर बाईसाहेबांना उपास घालायला. पाच वर्षांपूर्वी कुत्री चांगली साडेअठरा किलोंची झाली होती आणि त्या वेळच्या डॉक्टरांनी खाणं कमी करायला सांगितलं होतं. कुत्री एकटी काही काट्यावर उभी राहत नसे. पायाखालची लोखंडी फळी खडखडली की ती उडी मारून पळायची. म्हणून तिला उचलून त्यानं उभं राहायचं, आणि बायकोनं खुर्चीत बसून वजाबाकी करायची, असं ठरलं. त्यासाठी आधी त्याचं एकट्याचं वजन केलं. तिनं शाळेच्या वहीसारखी एक वही घेतली आणि पहिल्या पानावर वरती लिहिलं: हे – ६८. खाली रेघ मारली. मग दर रविवारी त्या रेघेखाली कुत्रीचा आकडा. कुत्रीचं वजन उतरेना तेव्हा तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं होतं, आणि त्यानं कबूल केलं होतं की चहाबरोबर तो एक बिस्किट तिला देतो. एक, तिनं विचारलं. दोन, तो म्हणाला. वहीत त्या रविवारी तिनं कुत्रीच्या आकड्यापुढे लिहून ठेवलं होतं, चोर सापडला.

ती वही आता त्याच्या मांडीवर होती. अडतीस वर्षं त्यानं लोकांना एकच गोष्ट शिकवली होती: आधी रिकामा काटा शून्यावर आणा, मग कुणाचं काय ते बघा. नव्या नोकराला तो पहिल्या दिवशी हे सांगायचा आणि शेवटच्या दिवशीही. आणि स्वतःच्या घरात त्यानं पाच वर्षं तो वरचा आकडा तसाच धरला. विसरला असं म्हणता आलं नसतं. रविवारी वही उघडली की त्याची नजर आधी तिथेच जायची. तिचं अक्षर जरा उजवीकडे झुकलेलं असे, आठाचा खालचा गोळा वरच्यापेक्षा मोठा. त्या आठाला खोडून काही दुसरं लिहायचं त्याच्या हातून झालंच नसतं. हे म्हणजे अडुसष्ट. तिनं मोजून, रेघ मारून ठेवलेला माणूस. ती गेल्यापासून एकोणीस महिने तो त्या माणसाला वजा करत आला होता, आणि तो माणूस कधीच काट्यावर उभा नव्हता.

कुठे गेले असतील ते पाच किलो, याचा त्यानं हिशेब लावून पाहिला. ओट्याशी उभ्या उभ्या पाव खायचा तो. टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची. कुत्रीची ताटली ओट्याखाली असे, ती खात असली की त्यालाही दोन घास जास्त जायचे, आणि तिनं तोंड लावलं नाही की तोही हातातला तुकडा परत डब्यात टाकायचा. मुलगी दुसऱ्या शहरातून दर गुरुवारी फोन करायची आणि पहिला प्रश्न विचारायची की बाबा, जेवलात का, आणि तो सांगायचा जेवलो. ते खोटं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. जेवण म्हणजे नक्की किती, हे तिनं कुठे विचारलं होतं. या गुरुवारी तिनं बाईसाहेबांचं विचारलं तेव्हा तो म्हणाला की वजन सतरा भरलं. ती आनंदली, म्हणजे सुधारतेय की. हो, तो म्हणाला. मग त्याला वाटलं की असं नको, आणि त्यानं सगळं सांगितलं, काट्याचं, पाण्याचं, स्वतःचं सोडून. मुलगी म्हणाली की बाबा, आई असती तर एव्हाना केलं असतं. तो म्हणाला, "तुझी आई असती तर माझं वजनही तिनं केलं असतं." हे तोंडून कसं निघालं त्याला कळलं नाही. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. ती म्हणाली की मी शनिवारी येते. तो म्हणाला, ये.

तीन दिवस त्यानं कुत्रीकडे बघण्यात घालवले. कारखान्यात गेला नाही. आकडा नाही म्हटल्यावर बघण्याशिवाय काही उरलं नव्हतं, आणि बघायला लागल्यावर त्याला कळलं की चार महिने त्यानं तिच्याकडे बघितलंच नव्हतं. रविवारी उचलायची, वजन करायची, खाली ठेवायची. तिची घाणेरडी सवय होती, बायको त्यावर चिडायची आणि लाडही करायची: माणूस उभा असला की ती त्याच्या पायाला टेकायची. नुसती अंगाला लागायची नाही, सगळा भार टाकायची, इतका की पाय हलवला तर ती पडावी. हिला टेकायला माणूसच लागतो, बायको म्हणायची, भिंत चालत नाही. दूध तापवताना, दाढी करताना, दाराशी कुणाशी बोलताना पोटरीवर तो ऊबदार भार असायचा, आणि त्या भारावरून तो गमतीनं सांगायचा, आज सहा किलो टेकली, आज आठ. कधी बंद झालं ते? त्याला आठवेना. उन्हाळ्यात होतं. त्यानंतरचं आठवेना. तो मुद्दाम ओट्याशी जाऊन उभा राहिला. कुत्री दोन हातांच्या अंतरावर पडली होती. तिनं डोळे त्याच्याकडे वळवले, शेपटीचं टोक एकदा जमिनीवर आपटलं, आणि मग डोळे होते तिथेच राहिले, त्याच्यावर, पण त्याच्यापर्यंत न पोचणारे. पोट तेवढं नगाऱ्यासारखं झालं होतं, बाकी बरगड्या. हे त्याला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण वहीत तेच लिहिलेलं असल्यामुळे वेगळं बघायची गरज पडली नव्हती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं अर्धं बिस्किट खाल्लं. त्याला इतका आनंद झाला की त्यानंही दोन खाल्ली, आणि वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई जिन्यात भेटल्या तर त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, वा वा. मग त्या किल्ल्या वाजवत वर गेल्या. दुसऱ्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही. त्यानं घोंगडी दोनदा बदलली. घोंगडी ओली झाली की पूर्वी कुत्री शरमून उठायची, कोपऱ्यात तोंड घालून उभी राहायची, जसं काही दुसऱ्या कुणी केलंय. आता ओल्यातच पडून राहायची. तिला ते कळत नव्हतं की कळून चालत होतं, हे त्याला ठरवता येईना. त्याच्या डोक्यात मधूनमधून एक चोरटा विचार यायचा: सतरा आहे अजून, बाराला वेळ आहे. तो विचार आला की त्याला स्वतःची किळस यायची, आणि तरी तो यायचा. ती गेली की घरात श्वास घेणारं दुसरं काही उरणार नव्हतं. पाणी, हवा, नळ, फ्रीज, एवढे आवाज. खरं तर तो तिच्यासाठी आकडा मागत नव्हता. हे कळल्यावर तो बराच वेळ ओट्याच्या कडेला हात टेकून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोंगडी पुन्हा ओली होती. त्यानं कुत्रीला उचललं, आणि घोंगडी काढायला हात मोकळे हवेत म्हणून आजूबाजूला बघितलं. काट्याची लोखंडी फळी कोरडी होती. तिच्यावर त्यानं टॉवेल टाकला आणि कुत्रीला ठेवलं. फळी खडखडली. तो सवयीनं वाकला, ती उडी मारेल म्हणून दोन्ही हात पुढे करून. तिनं उडी मारली नाही. तिनं मान टॉवेलवर टाकली.

आता आलीच आहे तर, असं मनात म्हणून त्यानं वजनं सरकवली. मोठं दहावर आणलं, लहान हळूहळू पुढे, सहा, सात, आणि दांडी उचलली गेली. टोक मधल्या खाचेसमोर आलं आणि थांबलं.

त्याला वाटलं कुठेतरी अडकली. त्यानं बोटानं दांडीला टिचकी मारली. ती खाली गेली, वर आली, पुन्हा मधोमध येऊन थांबली. धंद्यात पहिल्या वर्षी शिकतात ती ही गोष्ट: धान्याचं पोतं ठेवलं की दांडी थांबते, जीव ठेवला की थांबत नाही. श्वास असतो, नाडी असते, काहीतरी निसटून जायला बघत असतं. टोक बारीक थरथरत राहतं आणि मधलं काय ते अंदाजानं धरायचं. तान्ह्या पोराचं वजन करणं म्हणूनच सगळ्यात कठीण. या कुत्रीला तर त्यानं कवेत घट्ट धरूनसुद्धा दांडी कधी निवांत राहिली नव्हती; बायको खुर्चीतून ओरडायची की धरा हो तिला नीट, आणि तो म्हणायचा मी धरलंय, तीच धरत नाही. आता तिची कूस हलत होती, त्याला दिसत होती, पण ते हलणं फळीपर्यंत पोचत नव्हतं. टोक खाचेसमोर उभं होतं. त्यानं आकडा वाचला नाही. वाचण्यासाठी जरा वाकावं लागतं, तो वाकला नाही. तो खाली फळीपाशी बसला आणि तिच्या मानेखाली हात घातला, आणि मग तिथूनच, एका हातानं, दवाखान्यात फोन लावला.

भागीदार अर्ध्या तासात आला. त्यानं वर येऊन कुत्रीची मागची बाजू उचलली, आणि दोघं जिना उतरले, एखादं जड यंत्र उतरवावं तसे, एकेक पायरी सांगत. दवाखान्यात मदतनीस बाईंनी तिला काट्यावर ठेवायला सांगितलं नाही. त्यांनी जुना कागद काढला आणि जरा संकोचानं विचारलं की सतरा पूर्णांक एकच धरू ना. "धरा," तो म्हणाला. "तुमचा काटा बरोबर आहे." डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं की थांबणार का बाहेर. तो थांबला आतच. तिचं डोकं त्याच्या तळहातावर होतं. इंजेक्शन देताना ती किंचित पुढे सरकली, किंवा त्याला तसं वाटलं, आणि तिच्या जबड्याचा भार त्याच्या हातावर आला, सगळा, राखून न ठेवता. टेकली, त्याच्या मनात आलं. किती किलो ते त्याला सांगता आलं असतं.

खड्ड्यावरचा पत्रा काढून भागीदारानं बाजूला ठेवला होता. माती दोघांनी लोटली. नंतर दोघं टेबलाशी जाऊन बसले, आपापल्या बाजूला, आणि भागीदारानं आपला डबा उघडून अर्धा त्याच्यापुढे सरकवला. म्हणाला, "खा. मला दुसरा खड्डा खणायला लावू नकोस, माझी कंबर गेलीय." तो खायला लागला. भागीदार एका काट्याचा मागचा पत्रा उघडण्यात गर्क असल्याचं दाखवत राहिला, आणि डबा रिकामा होईपर्यंत त्यानं वर बघितलं नाही.

घरी आला तेव्हा अजून उजेड होता. मुलगी उद्या येणार होती. त्यानं घोंगडी धुवायला टाकली, ताटली धुऊन पालथी घातली, फळीवरचा टॉवेल उचलला. दांडीवरची वजनं सकाळी होती तशीच होती. वही ओट्यावर उघडी पडली होती, पहिल्या पानावर. तिच्याकडे त्यानं पेन्सिल नेली नाही. चपला काढल्या आणि तो काट्यावर उभा राहिला, हात रिकामे, म्हणून ते कुठे ठेवावेत हे कळेना. शेवटी बाजूला सोडले. मोठं वजन साठावर सरकवलं. लहान दोनपर्यंत, मग जरा पुढे. दांडी उचलली गेली, मधोमध आली. दांडी थांबेपर्यंत आकडा वाचायचा नाही, अशी त्याची सवय. तो वाट बघत उभा राहिला. खिडकीतून रस्त्यावरचे आवाज येत होते, कुणीतरी कुणाला खालून हाक मारत होतं. त्यानं श्वास रोखून पाहिला, मग सोडला. टोक खाचेसमोर बारीक थरथरत होतं, आणि कितीही वेळ उभं राहिलं तरी थांबत नव्हतं.